भाड्याची हवा

दक्षिण फ्रान्समध्यें आव्हिन्यों शहराच्या पूर्वेस आठ-दहा कोसांवर व्होक्ल्यूज नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथें एका उंच कड्याच्या पायथ्याशीं खोल कुंड असून त्यांतून सॉर्ग नदी उगम पावते. चौदाव्या शतकांत इटालियन कवि पेत्रार्क या दरींत कित्येक वर्षें राहिला होता; त्यामुळें हा झरा युरोपच्या साहित्यांत चिरपरिचित झाला आहे. कुंडाचें पाणी एरवीं निश्चल असतें, पण वसंत ऋतूंत तें एकाएकीं उसळून काठ ओलांडतें. हें पाणी कोठून येतें आणि कुंडाला तळ तरी आहे कीं नाहीं, याचें कुतूहल फार जुनें. १८७८ सालीं मार्सेय बंदरांतील ओतोनेल्ली नांवाचा पाणबुड्या धातूचें शिरस्त्राण घालून त्यांत उतरला होता. त्याला लागणारी हवा काठावरील पंपांतून लांब नळीनें पुरविली जात होती.

त्यानंतर अडुसष्ट वर्षांनीं, २७ ऑगस्ट १९४६ रोजीं, फ्रेंच आरमारांतील अधिकारी झाक कूस्तो आणि त्याचा सोबती फ्रेदेरिक दुमा हे त्याच कुंडांत उतरले. यांना नळी नव्हती. कूस्तो आणि एमिल गान्यां या इंजिनियरानें १९४३ सालीं सिद्ध केलेल्या झडपेच्या योगें ते आपली हवा पाठीवरील सिलिंडरांत घेऊन निघाले होते. आज ज्याला आपण स्कूबा म्हणतों त्याची ही बाल्यावस्था. काठावर मोरिस फार्ग हा दोर धरून बसला होता आणि हिसक्यांच्या खुणा ठरलेल्या होत्या. सुमारें पन्नास मीटर खोलीवर पोहोंचतांच दोघांचीहि बुद्धि चालेनाशी झाली. आपण येथें कशाकरितां आलों हेंच कूस्तोला आठवेना. दुमा तर जवळजवळ शुद्धि हरपून बसला. कूस्तो दोर धरून वर चढूं लागला, तों वरचा फार्ग दोर खालीं सोडतच राहिला. खालचा माणूस आणखी दोर मागत आहे, अशी त्याची समजूत झाली होती. अखेर त्याच्या मनांत शंका आली, त्यानें खुणांचा नाद सोडून दोर ओढून घेतला, आणि म्हणूनच पुढें कूस्तोला जगांत नांव मिळवावयास आयुष्य उरलें.

दोष खोलीचा असावा, अशी प्रथम सर्वांची समजूत झाली. पण त्याच दिवशीं दुसरी जोडी उतरली तिचीहि गत फारशी निराळी झाली नाहीं. तूलों येथें परतल्यावर शोध केला तेव्हां उलगडा झाला. हवा दाबून भरणारें यंत्र स्वतःच्याच इंजिनाचा धूर पुनः ओढून घेत होतें. १९५३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ या पुस्तकांत कूस्तोनें ही हकीकत दिली आहे. त्या हवेंत दर दोन हजार भागांस एक भाग कार्बन मोनॉक्साइड होता.

येथें फिर्याद करावयाची तरी कोणावर? यंत्र त्यांचें, सिलिंडर त्यांचे, भरणारे हातहि त्यांच्याच तुकडीचे. परंतु हीच घटना आज एखाद्या परक्या बेटावर, पैसे मोजून चार दिवसांच्या सहलीस गेलेल्या गृहस्थाच्या बाबतींत घडली तर प्रश्न निराळा होतो. त्याच्या पाठीवरची हवा भाड्यानें घेतलेली असते. ती कोणी भरली हें त्याला ठाऊक नसतें, आणि ती तपासून पाहण्याचें कोणतेंहि साधन त्याच्यापाशीं नसतें. अशा हवेबद्दल जबाबदार कोण, या प्रश्नाचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

तो इतिहास समुद्रांत सुरू न होतां कोळशाच्या खाणींत सुरू होतो. जानेवारी १८९६ मध्यें वेल्समधील टायलर्सटाउन येथील खाणींत स्फोट होऊन ५७ माणसें मेलीं. ऑक्सफर्डचा शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यानें प्रेतांची पाहणी केली, तेव्हां त्याला आढळून आलें कीं, बहुतेकांचा मृत्यु स्फोटाच्या दणक्यानें झालेला नसून मागाहून पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडनें झाला होता. या वायूला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील तांबड्या द्रव्याशीं तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट घट्ट जखडून बसतो, आणि मग रक्त असूनहि नसल्यासारखें होतें. हॉल्डेननें हा वायु स्वतः हुंगून त्याचे परिणाम लिहून ठेविले होते. खाणींत उंदीर किंवा लहान पक्षी बरोबर न्यावे, म्हणजे माणसाच्या आधीं ते कोसळून धोक्याची सूचना देतील, ही युक्ति त्याचीच.

याच हॉल्डेनला ब्रिटिश आरमारानें १९०५ सालीं पाणबुड्यांचा प्रश्न सोंपविला. खोल पाण्यांत उतरलेलीं धडधाकट माणसें थोडक्याच श्रमानें गळून जात, आणि लोक त्याचा दोष पाण्याच्या दाबाला देत. हॉल्डेननें पंप तपासले. ते गळत होते. खोलीवर हवा दाबली जाऊन तिचें आकारमान घटतें, म्हणून जितकें खोल जावें तितकी अधिक हवा पंपानें पुरविली पाहिजे. तेवढी ती पोंचत नव्हती, आणि माणूस शिरस्त्राणांत स्वतःच्याच उच्छ्वासाचा कर्बाम्ल वायु पुनः पुनः घेत होता. वर पंप फिरविणाऱ्यांना वाटे कीं आपण काम चोख करीत आहों. खालच्याला वाटे कीं आपलेंच बळ कमी पडलें. दूषित हवेचा हा गुण लक्षांत ठेवण्याजोगा आहे : ज्याला बाधा होते तो तिचा दोष सहसा स्वतःकडे घेतो.

तरीसुद्धां पंपाच्या काळीं एक गोष्ट सोपी होती. हवा पाठविणारा माणूस दोराच्या दुसऱ्या टोकाशीं उभा असे. मजुरीवर काम करणाऱ्या पाणबुड्याला मालक होता. आणि ब्रिटनमध्यें १९०६ च्या कायद्यानें बहुतेक सर्व कामगारांना कामावर झालेल्या दुखापतीची भरपाई मालकाकडून मिळूं लागली होती. त्यासाठीं मालकाची हयगय सिद्ध करण्याचीहि गरज नव्हती. हौसेनें बुडी मारणाऱ्याला मालक कोठला? सिलिंडरानें पाणबुड्याला नळीपासून मोकळें केलें, तसेंच नळीच्या वरच्या टोकाच्या माणसापासूनहि तोडलें.

मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर हे सिलिंडर आपल्यापैकीं अनेकांनीं पाहिले असतील. त्यांत प्राणवायु भरलेला असतो, असा एक सार्वत्रिक समज आहे. वास्तविक सहलीच्या बुडीसाठीं त्यांत बहुधा आपली साधी हवाच सुमारें दोनशें वातावरणांच्या दाबानें कोंबलेली असते. विष शिरावयाचे मार्ग मुख्यतः दोन. एक कूस्तोच्या अनुभवाचा. हवा ओढणाऱ्या नळीचें तोंड इंजिनाच्या धुराच्या वाटेंत येतें, कधीं वारा फिरल्यानें, तर कधीं शेजारीं दुसरी बोट येऊन उभी राहिल्यानें. दुसरा मार्ग अधिक फसवा आहे. यंत्र विजेवर चालत असलें, धूर मुळींच नसला, तरी तें फाजील तापलें म्हणजे आंतील वंगणाचें तेल जळूं लागतें आणि विष यंत्राच्या पोटांतच तयार होतें. कोळशाची गाळणी तेलाचा वास शोषून घेते, पण या वायूला अडवीत नाहीं. त्यासाठीं हॉपकलाइट नांवाचें मँगनीज व तांब्याच्या भस्मांचें मिश्रण लागतें. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेंत तें सिद्ध झालें. दमट हवेंत मात्र तें निकामी होतें, आणि उष्ण कटिबंधांतील बेटांवर दमटपणाला तोटा नाहीं.

त्यांत पुन्हां खोलीचा हिशेब आहे. पन्नास मीटरवर दाब सहापट होतो, म्हणून जमिनीवर जेमतेम डोकें दुखविणारी हवा तेथें सहापट विषारी ठरते. आणि गंमत अशी कीं, तळाशीं प्राणवायुहि त्याच दाबानें रक्तद्रवांत विरघळून माणसाला कसाबसा तगवून धरतो. वर येतांना हा आधार निसटतो आणि तो पृष्ठभागाजवळ येऊन बेशुद्ध पडतो. पाहणारे म्हणतात, घाबरला आणि बुडाला. युरोपच्या मानकानें १९९८ सालीं श्वसनाच्या हवेंत या वायूचें प्रमाण दहा लाख भागांत १५ पर्यंत चालवून घेतलें होतें. २०१४ सालीं ती मर्यादा ५ वर आणली. अमेरिकेंत पाणबुड्यांसाठीं रूढ असलेल्या प्रतीची मर्यादा १० होती. व्होक्ल्यूजच्या हवेंत तें प्रमाण ५०० होतें.

आतां कायद्याकडे वळूं. त्याचा पाया घातला गेला तो एका पेयाच्या बाटलीवर. २६ ऑगस्ट १९२८ रोजीं स्कॉटलंडमधील पेझली गांवच्या उपाहारगृहांत एका बाईसाठीं तिच्या मैत्रिणीनें जिंजर बिअर मागविली. बाटली काळपट, आंतलें कांहीं न दिसणारी. अर्धें पेय पिऊन झाल्यावर उरलेलें ओततांना त्यांतून कुजलेली गोगलगाय बाहेर पडली, असें त्या बाईचें म्हणणें. ती आजारी पडली. पैसे मैत्रिणीनें दिलेले, म्हणून तिचा दुकानदाराशीं करार नव्हता. आणि कारखानदाराशीं तर दोघींचाहि नव्हता. करार नाहीं तर दावा कसला, असा जुना विचार होता. २६ मे १९३२ रोजीं लॉर्डांच्या सभेनें तीन विरुद्ध दोन अशा मतांनीं निकाल दिला कीं, वाटेंत कोणालाहि उघडून तपासतां येणार नाहीं अशा स्वरूपांत जो माल ग्राहकाच्या हातीं पडतो, तो तयार करणाऱ्यावर त्या ग्राहकाची काळजी घेण्याचें कर्तव्य आहे. आपल्या कृत्यानें ज्याला इजा पोंचेल हें सहज दिसण्यासारखें आहे तो आपला शेजारी, अशी लॉर्ड ॲटकिन यांनीं शेजाऱ्याची कायदेशीर व्याख्या केली.

हवेनें भरलेल्या पोलादी सिलिंडराइतकी अपारदर्शक बाटली दुसरी कोणती असेल? पेयाला निदान चव असते. तत्त्वतः हवा भरणाऱ्यावर जबाबदारी ठेवावयास हा एक निकाल पुरेसा आहे. शिवाय १९८५ सालीं युरोपीय समाजानें सदोष मालाबद्दल उत्पादकाला हयगय सिद्ध न करतांहि जबाबदार धरलें, आणि त्या निर्देशांत डोळ्यांना न दिसणाऱ्या विजेलासुद्धां ‘माल’ म्हटलें. तेव्हां तत्त्वाची अडचण नाहीं. अडचण आहे ती परमुलुखाची.

परदेशांत झालेल्या अपकृत्याबद्दल मायदेशीं दाद मागतां येते काय? इंग्रजी न्यायालयांनीं याचें उत्तर १८७० सालीं दिलें, तें एका फार कडू प्रकरणांत. १८६५ सालीं जमैकांतील मोरँट बे येथें उठाव झाला. गव्हर्नर एडवर्ड आयर यानें लष्करी कायदा पुकारून तो निर्दयपणें मोडून काढला, आणि मागाहून तेथील विधिमंडळानें या साऱ्या कृत्यांना माफी देणारा कायदा केला. पकडून नेलेल्या एका गृहस्थानें लंडनमध्यें दावा लावला, तो फेटाळला गेला. कृत्य इंग्लंडच्या कायद्यानें दाव्यास पात्र असलें पाहिजे आणि जेथें घडलें तेथील कायद्यानेंहि तें समर्थनीय असतां कामा नये, असा दुहेरी नियम ठरला. एका वसाहतीच्या गव्हर्नराचा बचाव करण्यासाठीं घडविलेला हा नियम पुढें सव्वाशें वर्षें साध्या प्रवाशांच्या मार्गांत आडवा पडून राहिला. १९९५ च्या कायद्यानें ब्रिटननें तो बहुतेक सर्व अपकृत्यांपुरता रद्द केला; आणि जानेवारी २००९ पासून युरोपीय नियम लागू झाला कीं, सामान्यतः जेथें इजा झाली तेथील कायदा लावावा.

म्हणजे इजा ज्या बेटावर झाली त्या बेटाचा कायदा. तो कडक असेल किंवा नसेलहि. म्हणून प्रवाशांच्या वकिलांनीं दुसरी वाट धरली. बेटावरच्या दुकानदाराला सोडून, ज्या कंपनीनें मायदेशीं पैसे घेऊन सहल विकली तिलाच पकडावयाचें. या वाटेवरील दोन खटले शेजारीं ठेवण्याजोगे आहेत. ग्रीसमधील एका हॉटेलांत काचेच्या दारावर आदळून एक इंग्रज प्रवासी जबर जखमी झाला. काच ग्रीक नियमांस धरून होती, ब्रिटिश मानकाइतकी जाड मात्र नव्हती. १९९० च्या दशकाच्या आरंभीं इंग्रजी न्यायालयानें म्हटलें कीं, प्रवासी कंपनीनें स्थानिक नियम पाळले जातात कीं नाहीं एवढेंच पाहावयाचें. आपल्या देशाचीं मानकें तिनें परदेशांत नेण्याची अपेक्षा नाहीं. दुसरा खटला हाँगकाँगचा. चीनमधील एका सरोवराच्या सहलींत नेहमींची नौका चुकली, म्हणून प्रवाशांना वेगवान बोटीनें नेण्यांत आलें. चालक नवखा होता. टक्कर होऊन दोघे बुडाले, आणि त्यांत एका आईची तरुण मुलगी गेली. बोट कंपनीची नव्हती, चालक कंपनीचा नव्हता. तरीहि १९९५ सालीं प्रिव्हि कौन्सिलनें आईच्या बाजूनें कौल दिला. कंपनीनें सर्व सेवा ‘आम्ही देऊं’ असें म्हटलें होतें. मग त्या दुसऱ्याच्या हातून करविल्या तरी त्या योग्य काळजीनें व कौशल्यानें होतील, ही हमी तिचीच.

माझ्या मतें या दोहोंत दुसरा निकाल अधिक खोल जातो. मात्र पहिल्यानें उपस्थित केलेला प्रश्न हवेच्या बाबतींत जशाचा तसा राहतो : पंधरा, दहा कीं पांच, कोणतें मानक लावावयाचें? आणि स्थानिक मानक मुळींच नसेल तर?

१३ जून १९९० च्या युरोपीय निर्देशानें हाँगकाँगच्या निकालांतील तत्त्व आधींच कायद्यांत आणून ठेविलें होतें. ठराविक किंमतींत एकत्र विकलेल्या सहलींतील प्रत्येक सेवेला विकणारा जबाबदार, मग ती सेवा देणारा कोणीहि असो. या तत्त्वाची कसोटी श्रीलंकेंतील एका घटनेनें लागली. २०१० सालीं तेथील हॉटेलच्या नोकरानें एका ब्रिटिश पाहुण्या स्त्रीवर अत्याचार केला. अकरा वर्षांनीं, मार्च २०२१ मध्यें युरोपीय न्यायालयानें आणि जुलैमध्यें ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानें, हें कृत्य अनपेक्षित होतें ही प्रवासी कंपनीची सबब अमान्य केली.

परंतु बुडी बहुधा सहलीच्या किंमतींत नसतेच. ती किनाऱ्यावरच्या फळकुटावर किंवा हॉटेलच्या दिवाणखान्यांत, आयत्या वेळीं ठरते. अशा फुटकळ सहलीचें काय, याचा निर्णय ज्या प्रकरणांत लागला त्यांत एक विलक्षण योगायोग आहे. सर इयन ब्राउनली हे आंतरराष्ट्रीय कायद्याचे जगन्मान्य पंडित. जानेवारी २०१० मध्यें ते कुटुंबासह इजिप्तला गेले असतां, कैरोच्या हॉटेलमार्फत ठरविलेल्या मोटारींतून जातांना अपघात होऊन मरण पावले. कोणत्या देशाच्या न्यायालयानें काय ऐकावें, हें ज्यांनीं जन्मभर शिकविलें, त्यांच्याच विधवेला तो प्रश्न घेऊन दोनदां सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. २०१७ सालीं निष्पन्न झालें तें एवढेंच कीं, दावा चुकीच्या कंपनीवर होता. योग्य कंपनीचें नांव हातीं आल्यावर २० ऑक्टोबर २०२१ रोजीं न्यायालयानें म्हटलें कीं, इजा परदेशीं झाली तरी तिचे परिणाम इंग्लंडमध्यें भोगावे लागत असतील तर इंग्लंडमध्यें दावा चालूं शकेल. यालाहि अकरा वर्षेंच लागलीं, आणि तीं केवळ दार उघडण्यासाठीं.

बुडीपूर्वीं सही करवून घेतात त्या कागदाविषयीं थोडेंसें. ‘कांहींहि झालें तरी आम्ही जबाबदार नाहीं’ असें त्यावर असतें. ब्रिटनच्या कायद्यानुसार धंद्यांतील हयगयीमुळें झालेल्या मृत्यूची किंवा शारीरिक इजेची जबाबदारी अशा कलमानें झटकतां येत नाहीं. अमेरिकेंतील पुष्कळ राज्यांत मात्र हौसेच्या खेळांपुरते असे कागद मानले जातात. तेव्हां तो कागद निव्वळ रद्दी आहे असेंहि समजूं नये, आणि त्यामुळें सर्व हक्क गेले असेंहि नाहीं.

या साऱ्या कायद्याच्या मुळाशीं एक अगदीं साधी वस्तु लागते : ती हवा. पुरावा सिलिंडरांत असतो, आणि झडप उघडी राहिली तर तो निघून जातो. तो राखावयाचा तर झडप बंद करून, किती फेऱ्यांनीं बंद केली तें लिहून, सिलिंडर मोहोरबंद केला पाहिजे. त्याच दिवशीं त्याच यंत्रावर भरलेले इतर सिलिंडरहि बाजूला ठेविले पाहिजेत. व्यवहारांत पुष्कळदां दुसऱ्या दिवशीं सकाळीं तेच नव्या पाहुण्यांसाठीं पुन्हां भरले जातात. दुसरा पुरावा रक्तांत. जिवंत माणसाच्या रक्तांतून हा वायु साध्या हवेंत चार-पांच तासांनीं निम्मा होतो, आणि शुद्ध प्राणवायु दिला तर तास-दीड तासांतच. म्हणजे जो उपचार प्राण वाचवितो तोच पुरावा पुसतो. उपचाराआधीं रक्ताचा थेंब घेऊन ठेवणें एवढाच त्यावर उपाय. मृताच्या रक्तांत तो टिकून राहतो खरा, पण त्यासाठीं शवपरीक्षा करणाऱ्याला तो शोधण्याची बुद्धि झाली पाहिजे. नाहीं तर दाखल्यावर ‘पाण्यांत बुडून मृत्यु’ असा शेरा पडतो आणि मृताच्या पश्चात् घरच्यांना वाटत राहतें कीं, त्याला नीट पोहतां आलें नाहीं.

पेझलीच्या खटल्यांतसुद्धां बाटलींत खरोखर गोगलगाय होती काय, हें कधींच शाबीत झालें नाहीं. लॉर्डांनीं फिर्याद खरी धरून चालून केवळ कायदा ठरविला. पुरावा व्हावयाच्या आधींच कारखानदार वारला आणि प्रकरण तडजोडीनें मिटलें.

आपल्याकडील कुटुंबें आतां मालदीव, थायलंड, बाली येथें जाऊन समुद्रांत उतरतात, म्हणून भारतीय कायद्याची स्थितिहि पाहिली पाहिजे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें सदोष माल व सदोष सेवा यांमुळें होणाऱ्या इजेबद्दलच्या जबाबदारीचें स्वतंत्र प्रकरण घातलें. शिवाय जुन्या, १९८६ च्या कायद्यांत नसलेली एक सोय त्यांत झाली : तक्रारदार जेथें राहतो तेथील आयोगापुढें त्याला तक्रार नेतां येते. पुण्याच्या किंवा नागपूरच्या प्रवासी कंपनीनें बुडीसकट सहल विकली असेल तर घरच्या गांवींच दाद मागतां येईल. मुदत सर्वसाधारणपणें दोन वर्षांची. बुडी बेटावर उतरल्यावर ठरविली असेल तर सहल विकणारी कंपनी बहुधा हात वर करील. मग उरतो तो बेटावरचा दुकानदार. अपघाताच्या सायंकाळीं त्यानें तो सिलिंडर बाजूला काढून ठेविला कीं दुसऱ्या दिवसाच्या बुडीसाठीं भरावयास लाविला, यावर येथल्या आयोगाचा हुकूम चालत नाहीं.